चौथा हुंकार

१

सकाळी नऊच्या ठोक्याला ताई टेबलाशी बसायची, चहाचा कप उजव्या हाताला ठेवायची आणि दुसऱ्या कशालाही हात लावण्याआधी आईचं घर बघून घ्यायची. घर म्हणजे पडद्यावरच्या नोंदी. सहा दहा, पलंग: उठल्या. सहा चाळीस, फ्रीज: उघडला. सव्वासात, मुख्य दार: उघडलं. म्हणजे आई उठली, दूध काढलं, पेपर आत घेतला. सगळं जिथल्या तिथे. मग चहाचा पहिला घोट.

कंपनीचं कामच ते होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात काडेपेटीएवढी खोकी बसवायची. पलंगाखाली एक, फ्रीजला एक, दाराला एक आणि न्हाणीघराच्या फरशीवर एक चपटी पट्टी. खोक्यांना ना डोळे, ना कान. उघडलं, मिटलं, उठलं, बसलं, एवढंच त्यांना कळायचं. पट्टीचं काम तर एकच, कुणी पडलं तर सांगायचं. अशी चारशे घरं होती आणि त्यांतलं सगळ्यात पहिलं ताईच्या आईचं. नवं औषध आधी आपल्या माणसावर करून बघावं, तसं.

ताई अठ्ठेचाळीस वर्षांची. तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणायची, कारण ऑफिसात तिच्याइतकं जुनं कुणी उरलंच नव्हतं. खोक्यांकडून येणारी प्रत्येक घटना ज्याच्या त्याच्या कानावर घालायची आणि तिची नोंद ठेवायची, ही लायब्ररी तिने एकटीने लिहिलेली होती. सगळं सॉफ्टवेअर त्या तयार कोडवर उभं. नव्या मुलींना ती सोप्या भाषेत सांगायची, "दवंडी समजा. दार उघडलं की दवंडी पिटायची. ज्यांनी ज्यांनी 'आम्हाला सांगा' म्हणून नाव दिलंय, त्यांनी ऐकायचं. आणि ऐकलं की 'हं' म्हणायचं. गोष्ट सांगणाऱ्याला समोरून हुंकार नको का?"

ऐकणारे तिघे होते. नातेवाइकाला कळवणारा तो फोन, टिपून ठेवणारी ती वही आणि विपरीत काही घडलं तर ओरडणारा तो गजर. म्हणून प्रत्येक घटनेखाली तीन ओळी उमटायच्या.

फोन: हं.
वही: हं.
गजर: हं.

त्या मंगळवारी फ्रीजच्या नोंदीखाली चार ओळी होत्या. चौथीत नावाची जागा मोकळी होती. नुसतंच ": हं." आणि ते आलं होतं फ्रीज उघडल्यानंतर एक्केचाळीस सेकंदांनी.

ताईने कप उचलला होता, तो तसाच खाली ठेवला.

२

"दोनदा नाव नोंदवलं गेलं असणार," चाचणी विभागातला शंकासुर म्हणाला. खरं नाव वेगळं, पण ज्याच्यात्याच्यावर शंका घेण्याचा पगार मिळतो म्हणून सगळे त्याला शंकासुर म्हणत आणि तोही ओ देई. "नेहमीचीच गोष्ट आहे ताई. कुणीतरी नाव घातलं, काढायला विसरलं. पाहुणा गेला, चप्पल राहिली."

"तेच वाटलं मला. मोजून बघितले. तीनच आहेत."

"मग बंद करून चालू करा."

"केलं. दोनदा."

शंकासुराने खुर्ची ओढली. दोघांनी तो दिवस त्यातच घातला. चारशे घरांच्या नोंदी चाळल्या. तीनशे नव्याण्णव घरी तीन हुंकार. एकाच घरी चार. ताईने कोड ओळ न् ओळ वाचला. स्वतःचाच कोड, पण इतक्या वर्षांनी वाचताना परक्याचं पत्र वाचावं तसं वाटत होतं. त्यात बिननावाचा ऐकणारा शिरायला फटच नव्हती. नाव दिल्याशिवाय आत घेऊ नये, ही अट तिनेच घालून ठेवलेली.

शुक्रवारपर्यंत शंकासुराने कागदावर आकडे मांडले. एक्केचाळीस सेकंद. छत्तीस. एकतीस. एकतीस. बावीस. चौदा.

"हे कसं आहे माहितेय?" तो म्हणाला. "लहानपणी वीज चमकली की आम्ही अंक मोजायचो. गडगडाट लवकर ऐकू यायला लागला, की समजायचं..."

"काय?"

"काही नाही. जवळ येतंय म्हणायचो." तो हसला. ताई हसली नाही. मग त्याने कागदाची घडी घातली आणि उगाचच नखाने दाबत बसला.

३

शनिवारी सकाळी ती आईकडे गेली. तिच्या घरापासून तीन गल्ल्या टाकून, तिसऱ्या मजल्यावर. लांबट घर. दारातून आत गेलं की उजवीकडे बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर, मग एक अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला न्हाणीघर. न्हाणीघराच्या दाराला वरपासून खालपर्यंत धुरकट काच. बोळात भर दिवसाही दिवा लावावा लागे.

आई खुर्चीत बसली होती. काठी भिंतीला टेकवलेली. गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती, असं ती स्वतःच म्हणायची. आज मात्र ती भलतीच खुलली होती. शेजारणीचं भांडण, गळका नळ, जुन्या मैत्रिणीचं पत्र. एकातून एक निघत होतं.

ताईच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आई वाक्य संपवायची आणि थांबायची. पुरती संपल्यासारखी नव्हे, समोरच्याचं ऐकून घ्यायला थांबावं तशी. इवलासा थांबा. मान हलवायची. मग पुढचं वाक्य.

आणि थांबताना आई तिच्याकडे बघत नव्हती. बोळाकडे बघत होती.

"आई, तू एरवी कुणाशी बोलतेस का गं?"

"तुझ्याशीच की."

"मी तर आत्ता आले."

"आत्ता आलीस हो. पण रोज ऐकतेस ना त्या खोक्यांतून? मला आधी वाटायचं, लावून गेली आणि विसरली. पण गेले काही दिवस दार उघडलं की म्हणतेस, हं. फ्रीज उघडला की म्हणतेस, हं." आईने पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या, पण चेहरा हसरा होता. "एवढ्या कामातून. फोनवर दोन मिनिटं मिळत नाहीत तुझी, अन् इथे दिवसभर हुंकार देतेस. मी काय मेली नुसती तक्रारच करायची तुझ्या नावाने."

ताईच्या ओठांवर आलं होतं की आई, त्यांना आवाज नाही. कान नाहीत. मी नाही ती. पण आईचा तो चेहरा तिने किती वर्षांत पाहिला नव्हता. आणि दोन मिनिटांचं बोलणं तर खरंच होतं. रोज सकाळी नऊ वाजता आई बरी आहे हे पडद्यावर कळायचं, म्हणून तिने फोन करणंच सोडलं होतं.

"हो," ती म्हणाली. "मीच."

आईने समाधानाने बोळाकडे पाहून मान हलवली. "बघ, म्हटलं नव्हतं?"

ते कुणाला म्हटलं, हे विचारायचा धीर ताईला झाला नाही. घरी जाताना जिन्यात ती स्वतःला समजावत राहिली. एकटेपण. वय. कानात होणारे आवाज. डॉक्टरला दाखवायला हवं. सगळी कारणं चोख होती. फक्त ज्या सकाळी नोंदीत चौथा हुंकार पहिल्यांदा उमटला, त्याबद्दल तिने आईला चकार शब्द सांगितला नव्हता.

४

सोमवारी अंतर शून्यावर आलं. फ्रीज उघडला आणि त्याच क्षणी चौघांनी हुंकार दिला. ताईला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. काही का असेना, आता वाढायला जागा उरली नाही.

मंगळवारी चौथा हुंकार सर्वांत वर होता. आधी ": हं.", मग दोन सेकंदांनी "फ्रीज: उघडला."

"घड्याळ चुकलंय," शंकासुर म्हणाला. त्याने सर्व्हरची घड्याळं तपासली, खोक्यांची तपासली, शेवटी मनगटावरचंही काढून बघितलं. सगळी काट्याला काटा जुळत होती.

बुधवारी दोन मिनिटं आधी. नोंदीत 'मुख्य दार' असं दिसायचं, पुढे तो बिननावाचा हुंकार आणि मग दोन मिनिटं काहीच नाही. ती दोन मिनिटं ताई पडद्यापुढे श्वास रोखून बसायची. मग दार उघडायचं.

गुरुवारी सकाळी अकरा दहाला मुख्य दाराचा हुंकार आला. ताईने लगेच फोन लावला.

"आई, बाहेर जायचंय का कुठे?"

"छे गं. गुडघ्यांनी सोडलंय का मला? का?"

"कुणी यायचंय?"

"कुणी नाही."

अकरा बावन्नला दार उघडलं. ताईने पुन्हा फोन केला. शेजारीण वाटी मागायला आली होती. स्वतः शेजारणीलाही अकरा दहाला ते ठाऊक नसणार.

"ताई, खोकी काढून आणा," शंकासुर म्हणाला. त्याचा आवाज आज अगदी साधा होता. "कारण नंतर शोधू. आधी काढून आणा."

ती उठणार तोच पडद्यावर एक ओळ सरकली. बारा वाजून तीन मिनिटं.

न्हाणीघर, फरशी.
: हं.

त्या पट्टीने आजवर कधीही काही कळवलं नव्हतं. अजूनही नव्हतं कळवलं. खाली बाकी कोरं होतं.

५

"आई, न्हाणीघरात जाऊ नकोस."

"अगं, पाणी काढलंय अंघोळीचं. आज उशीरच झाला."

"राहू दे तसंच. मी येतेय. तोवर पलंगावर बसून राहा."

मग आईचा वैतागलेला आवाज. "तुझं काही कळत नाही हो. आत्ताच तर म्हणालीस, पाणी निवतंय, जा, अंघोळ करून घे."

"कधी?"

"आत्ता. फोन वाजायच्या आधी."

ताई जिन्याच्या दोन दोन पायऱ्या उतरली. सकाळी बेचाळीस मिनिटांचं अंतर होतं. तेवढंच धरलं तर पाऊण तासही हातात नव्हता. टॅक्सीत तिने फोन कानाला लावूनच ठेवला, आईला बोलतं ठेवलं. आईचं वाक्य संपलं की घाईघाईने काहीतरी म्हणायची. दुसऱ्या कुणाला मध्ये जागा मिळू नये म्हणून.

आई पलंगावर बसली होती, खांद्यावर टॉवेल. ताईने काही समजावलं नाही. दोन कपडे पिशवीत कोंबले, काठी आईच्या हातात दिली. खोकी काढायला ती थांबली नाही. बोळातला दिवा चालू होता. तिकडे तिने पाहिलं नाही.

ती पुढे होऊन जिन्याच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. आई चौकटीत थांबली, मागे वळली आणि घराच्या आत बघून म्हणाली, "चल की गं लवकर."

"आई!"

आईने दचकून समोर पाहिलं. ताईकडे, मग आत, मग पुन्हा ताईकडे. "अगं, तू इकडे कशी?"

ताईने तिला दंडाला धरून बाहेर घेतलं, दार ओढलं आणि कुलपात किल्ली दोनदा फिरवली.

आई टॅक्सीत बसली. पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. पाऊण वाजता ताईच्या हातातला फोन थरथरला आणि गजर ओरडायला लागला.

न्हाणीघर, फरशी: कुणीतरी पडलं आहे.
फोन: हं.
वही: हं.
गजर: हं.

ताई खाली चौथी ओळ यायची वाट बघत राहिली. आली नाही. ओळी तीनच होत्या. जे ऐकत होतं, ते आता ऐकत नव्हतं. दुसरंच काही करत होतं.

"कुणाचा फोन?" आईने विचारलं.

"ऑफिसचा," ताई म्हणाली.

पट्टी दर दहा मिनिटांनी पुन्हा कळवत असे. कुणी उठलं नसेल तर एकच शब्द पाठवायची: अजून. दिवसभर तो येत राहिला आणि दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हाही येतच होता. अजून. अजून.

६

शंकासुर स्वतःहून बरोबर आला; त्या घराच्या सूचना त्याने कालच आपल्याही फोनवर लावून घेतल्या होत्या. सकाळचे दहा वाजले होते, जिन्यात ऊन होतं, कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी होत होती. कुलूप जसंच्या तसं. आत काल सोडलेलं सगळं जागच्या जागी. खुर्ची, घडी न केलेली शाल, पालथं पुस्तक. शंकासुराने मुख्य दारावरचं खोकं काढायला घेतलं. पलंगाचं आणि फ्रीजचं ताईने काढलं. आता पट्टी तेवढी राहिली.

ती बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. दिवा काल चालू होता, आज बंद. गेला असेल, ती मनात म्हणाली. बटण दाबलं. दिवा लागला.

टोकाला न्हाणीघराचं दार बंद होतं. धुरकट काचेमागे नुसता राखाडी उजेड. ती चार पावलं पुढे गेली आणि तिला काचेच्या अगदी खालच्या भागात, फरशीपासून वीतभर उंचीवर, एक फिकट डाग दिसला. आतल्या बाजूने. काचेला काही टेकलं तर दिसतं तसा, टेकलेला भाग स्पष्ट आणि बाकीचं धुकं.

टॉवेल, तिला वाटलं. मग वाटलं, साबणाचा फेस. मग तिला त्यातली वळणं दिसली. बाहेरची गोल कड. आतली दुमड. खाली मऊ पाळी.

कान होता. कुणीतरी आत फरशीवर आडवं पडून काचेला कान लावला होता.

"ताई?" मागून शंकासुराची हाक आली. "काय झालं?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. श्वास आत घेतला, नुसता श्वास. आणि तो कान काचेवर आणखी घट्ट दाबला गेला. इतका, की त्याच्या कडा पांढऱ्या पडल्या.

ताईने तोंड मिटलं. ती उलट पावली मागे आली, बोळातून, खोलीतून, शंकासुराची बाही धरून दारातून बाहेर. तो काही विचारायला लागला, तसा तिने त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. दार ओढून घेतलं, कुलूप लावलं. किल्ली त्याच्या हातात दिली.

ते दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले असतील तोच दोघांचेही फोन एकदम थरथरले.

मुख्य दार: उघडलं.

दाराचं खोकं शंकासुराच्या खिशात होतं. दोघांपैकी कुणीही वर पाहिलं नाही.

७

ते घर नोंदीतून काढून टाकलं. ताईने लायब्ररीतून 'हं' हा शब्दही काढला. उरलेल्या तीनशे नव्याण्णव घरांना आता साधी टिकमार्क येते. कुणी विचारलं नाही. शंकासुर पुन्हा विनोद करायला लागला, फक्त बैठकीत कुणी काही सांगत असलं की तो नुसती मान हलवतो.

आई ताईकडे राहायला आली. तब्येतीने ठीक होती. पण पहिल्या आठवड्यात जेवताना म्हणाली, "इथे आल्यापासून तू ऐकेनाशी झालीस."

ते मात्र ताईने मनाला लावून घेतलं. रोज संध्याकाळी कितीही काम असलं तरी फोन बाजूला ठेवून ती आईजवळ बसायला लागली. ऐकायची, "हो का?" म्हणायची, "मग?" म्हणायची. एक शब्द सोडून सगळं म्हणायची. हळूहळू आईची कळी खुलली. तीन आठवडे गेले. ताईला पुन्हा गाढ झोप लागायला लागली.

मग एका दुपारी बैठक रद्द झाली आणि ती एक वाजता घरी परतली. जिना चढून दाराशी आली, पर्समधून किल्ली काढली, आणि आतून आईचा आवाज ऐकू आला. अगदी रंगात आलेला.

"...आणि नर्सने तुला माझ्या हातात दिलं ना, तर तू रडलीच नाहीस. नुसती टकामका बघत राहिलीस. म्हटलं, ही पोर ऐकतेय की काय माझं?"

थांबा. इवलासा.

"हं," आतून उत्तर आलं.

तो आवाज ताईने ओळखला. फोनवर सोडलेला आपलाच निरोप नंतर ऐकताना जसा येतो, तसा. थोडा परका, थोडा पातळ. तिचाच.

"तुझे बाबा म्हणाले, हिला मोठेपणी काही सांगायला लागणार नाही..."

"हं."

ताईच्या हातातली किल्ली कुलपाशी पोचेना. समोर तिच्याच घराचं दार होतं, पलीकडे तिची आई होती, आणि पळून जावं तर आईला कुणाच्या हवाली करून जावं? काय करतोय हे कळायच्या आत तिचं बोट घंटेवर गेलं.

आतलं बोलणं थांबलं.

"थांब, पुढचं सांगते," आई आत कुणाला तरी म्हणाली. प्रेमाने, हक्काने. "आधी दारात कोण आलंय ते बघून ये, जा बाळा."

खुर्ची सरकली. आणि आतून पावलं दाराकडे यायला लागली. सावकाश, मोकळी, काठी न टेकणारी पावलं.